पोटनिवडणूक लागली की तिकीट घरातच का जातं?

लेंडीकाठ
आमच्या नांदेड जिल्ह्याचाच हिशोब मांडतो. २०१४ ला मुखेडचे आमदार गोविंद राठोड निवडून आले अन् निकालानंतर थोड्याच दिवसात वारले. फेब्रुवारी २०१५ मधी पोटनिवडणूक झाली, त्यांचे चिरंजीव तुषार राठोड आमदार. एप्रिल २०२१ ला देगलूरचे रावसाहेब अंतापूरकर कोरोनात गेले, ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव जितेश. ऑगस्ट २०२४ ला खासदार वसंतराव चव्हाण गेले, नोव्हेंबरात त्यांचे चिरंजीव रवींद्र. तीन पोटनिवडणुका, तिन्ही टायमाला मुलगा अन् तिन्ही टायमाला निवडून. एक भाजपचा, दोन काँग्रेसचे, म्हणजे हे एका पक्षाचं दुखणं नाही.
मला इचारायचंय की आपण मतदार खरंच हळहळून मत देतो, का पक्षाला शोधाशोध नको म्हणून घरातल्यालाच उभं करतात अन् आपल्यापुढं दुसरं काही राहतच नाही? प्लीज कोणता पक्ष चांगला यावर घसरू नका, त्याच्यासाठी दुसरे धागे हायेत.

सोयाबीनवाला
घसरणार. नक्की घसरणार. पण पहिला नंबर माझा.

बिलोलीचे गुरुजी
लेंडीकाठ, विषय चांगला काढलात. २०२१ च्या देगलूर पोटनिवडणुकीत मी केंद्राध्यक्ष होतो, तेलंगणाच्या हद्दीलगतच्या एका गावात, त्यामुळं जे बघितलं ते सांगतो.
मतदान ३० ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्या वर्षी पावसानं सोयाबीनची काय गत केली होती ते इथं कुणाला सांगायची गरज नाही, उभ्या शेंगांना कोंब फुटले होते. सकाळी मॉक पोल झाला, सात वाजता मतदान सुरू केलं आणि दहा वाजेपर्यंत केंद्रावर आम्ही, पोलिस आणि दोन पोलिंग एजंट. बाकी गाव रानात. जे काय वाचलंय ते मळून घ्यायचं, मळणीयंत्र आज आपल्या बांधावर आहे, उद्या दुसऱ्याच्या. चार वाजल्यानंतर मात्र अशी रांग लागली की काय विचारू नका. डोक्याला टॉवेल, अंगावर भुसकट, बायांच्या पदराला कुसळं, आणि कोरोनाचा नियम म्हणून आम्ही प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचा मोजा देतोय. एक आजी मोजा घालायलाच तयार नाही, म्हणे हाताला माती हाय ती मशीनला लागली तर मशीन बाद होतं काय.
त्या रांगेत सहानुभूती होती का? थोडी होती. पण लोक बोलत होते ते पीक विम्यावर आणि अनुदानावर. उमेदवाराच्या वडिलांचा विषय कुणी काढला तर एवढंच, "माणूस गरीब होता, फोन उचलायचा."

मुखेडकर पाटील
"फोन उचलायचा" यात सगळं आलं गुरुजी. आमदाराकडून आणखी काय पाहिजे असतंय.

परळीची पोर
सहानुभूती नसते असं म्हणणाऱ्यांनी २०१४ चं बीड आठवा. ३ जूनला दिल्लीत गोपीनाथ मुंडे साहेबांचा अपघात झाला, ते गेले, मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी तेव्हा कॉलेजला होते, परळीत त्या दिवसांत जे वातावरण होतं ते मला टाइप करता येणार नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेसोबतच लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या कन्या प्रीतमताई ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या. तोवरचं देशातलं सगळ्यात मोठं मताधिक्य होतं ते. याला सोय म्हणणार का?

काळा कोट परभणी
मताधिक्याचा आकडा बरोबर आहे ताई. पण समोर कोण होतं ते पण सांगा ना. राष्ट्रवादीनं मुंडेंच्या घरातला उमेदवार असेल तर आम्ही देणार नाही म्हणून उमेदवारच दिला नव्हता. बीडमध्ये तेव्हा खरी टक्कर द्यायची ताकद असलेला पक्षच बाजूला बसला, काँग्रेस एकटी राहिली. लाट होतीच, नाही म्हणत नाही, पण ओट्यावर कुणी नसताना पाणी किती चढलं ते मोजून काय उपयोग.

परळीची पोर
बाजूला का बसला? लाट होती म्हणूनच ना! आणि त्याच दिवशी परळी विधानसभेला साहेबांच्या दुसऱ्या कन्या पंकजाताई विरुद्ध चुलतभाऊ धनंजय मुंडे अशी घरातच लढत होती. राष्ट्रवादीचा लोकसभेला उमेदवार नाही, विधानसभेला मात्र भाऊच समोर. एकाच मतदाराने एकाच खोलीत दोन्ही बघितलं.

सोयाबीनवाला
परळीचं राजकारण समजायला वेगळी पीएचडी लागती. पुढं चला.

उदगीरी बाबा
आमच्याकडं लातूरला असलं काय झालंच नाही म्हणून गप वाचूलालोय. पण एक बगा, माणूस गेला की दुसऱ्या दिवशी चौकात श्रद्धांजलीचं फ्लेक्स लागतंय. आधी वारलेल्याचा फोटो मोठा अन् खाली कार्यकर्त्यांचे चिल्लर फोटो. तेराव्यापर्यंत फ्लेक्स बदलतंय. आता वारलेल्याचा फोटो वर कोपऱ्यात गोलात, अन् मधी पांढऱ्या सदऱ्यात हात जोडलेलं लेकरू. तिकीट कुणाला ते पक्षाच्या आधी फ्लेक्सवाल्याला कळतंय.

मुखेडकर पाटील
😂😂 बाबा, फ्लेक्सवाल्याचा नंबर पाठवा, एक्झिट पोल त्याच्याकडूनच घेऊ.

नायगावची सून
हसण्यावारी नेऊ नका, त्या फ्लेक्सवर मुलगाच का असतो हे पण विचारा. मुलगी किंवा बायको कधी? जिथं मुलगा तयार नाही तिथंच. मुंडे साहेबांना मुलगा असता तर काय झालं असतं याचा विचार करा.

परळीची पोर
नायगावची सून, असं नाही हं. साहेबांनी पंकजाताईंना २००९ लाच आमदार केलं होतं, स्वतः असताना. पण बाकी ठिकाणी तुमचं म्हणणं खरं आहे.

काळा कोट परभणी
आता मूळ प्रश्नाकडं. पक्ष असं का करतात हे बघायचं असेल तर एक सोपी जोडी आहे, फेब्रुवारी २०२३ ची पुण्याची. एकाच दिवशी दोन पोटनिवडणुका, दोन्ही जागा भाजपच्या, दोन्ही आमदारांचं निधन. चिंचवडला लक्ष्मण जगताप यांच्या पत्नीला तिकीट दिलं, जागा राहिली. कसब्यात मुक्ता टिळक यांच्या घरात तिकीट दिलं नाही, बाहेरचा उमेदवार दिला, जागा गेली, काँग्रेसचे धंगेकर निवडून आले. कसबा जायला दुसरी पण कारणं होती, तिथं सरळ लढत झाली आणि चिंचवडला बंडखोरानं मतं खाल्ली. पण मुंबईत बसून तिकीट वाटणाऱ्याला एवढं खोलात जायचं नसतं. त्याला दिसतं, घरात दिलं तर वाचलो, बाहेर दिलं तर बुडालो.

देगलूर नाका
मग पंढरपूर? तिथं पण घरातच दिलं होतं की. भारत भालके गेल्यावर भगीरथ भालकेंना उभं केलं, २०२१ ला, सत्ता त्यांच्याच आघाडीची, तरी समाधान आवताडे ३,७३३ मतांनी निवडून आले. सहानुभूतीची गॅरंटी नसते.

लेंडीकाठ
हे बरं काढलं नाका भाऊ. मग देगलूरात अन् पंढरपुरात फरक काय होता? दोन्हीकडं आघाडीचं सरकार, दोन्हीकडं मुलगा, वर्ष तेच.

देगलूर नाका
सांगतो. मी राहायला देगलूरातच हाय, त्या महिन्यात घरी होतो. एक म्हणजे पंढरपुरात समोरचा उमेदवार त्या मातीत आधी दोनदा लढलेला, स्वतःचा गट असलेला. दुसरं म्हणजे देगलूरात अशोकराव चव्हाण तेव्हा सार्वजनिक बांधकाम मंत्री अन् पालकमंत्री, त्यांनी ही निवडणूक अंगावर घेतली होती, रोज कुठल्या ना कुठल्या गावात कोणी ना कोणी मोठा माणूस. अन् तिसरं, समोरचे उमेदवार सुभाष साबणे साहेबांचं. आयुष्य शिवसेनेत काढलं, २०१४ ला सेनेच्याच धनुष्यबाणावर देगलूरचे आमदार झाले, अन् पोटनिवडणुकीला एकदम कमळावर. जुना शिवसैनिक गोंधळून गेला. जवळपास ४२ हजारांनी निकाल लागला, वडिलांना २०१९ ला मिळालं होतं त्यापेक्षा जास्त. निकाल धनत्रयोदशीला होता, गुलाल अन् फटाके दोन्ही एकदम वाजवून घेतले लोकांनी.
आता गंमत बगा. ज्यांनी निवडून आणलं ते अशोकराव फेब्रुवारी २०२४ ला भाजपमधी गेले. त्याच वर्षी जितेश पण गेले अन् नोव्हेंबरला कमळावर परत आमदार झाले. म्हणजे २०२१ ला ज्या चिन्हाला पाडलं त्याच चिन्हावर तेच मतदार, तोच उमेदवार.

सोयाबीनवाला
हे म्हंजे खळ्यात रास एकाची अन् पोतं दुसऱ्याचं.

बिलोलीचे गुरुजी
पक्षाचा विषय नको म्हणाले होते धागाकर्ते.

सोयाबीनवाला
गुरुजी मी पक्षाचं नाव घेतलंच न्हाई, पोत्याचं घेतलं.

अंबाजोगाई ७०
वय झालं म्हणून जुनं आठवतं. नांदेडला ही परंपरा २०१५ पासून नाही हो. शंकरराव चव्हाण १९८६ ला मुख्यमंत्री होऊन दिल्लीहून राज्यात आले, त्यांची लोकसभेची जागा मोकळी झाली आणि १९८७ च्या पोटनिवडणुकीत अशोकराव उभे राहिले. समोर होते प्रकाश आंबेडकर. म्हणजे कुणी वारलेलं नव्हतं, तरी मुलगाच! सहानुभूतीचा काय संबंध मग?
उलट उदाहरण आमच्या केजचं घ्या. विमलताई मुंदडा २०१२ ला गेल्या. राखीव जागा. पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीनं त्यांच्या घरात तिकीट दिलं नाही, पृथ्वीराज साठे यांना दिलं आणि ते निवडून आले. तेव्हा घराबाहेर दिलं तर बुडतंच असं काही नाही.

लेंडीकाठ
काका हे भारी हाय. केजचं मला माहीतच नव्हतं. अन् १९८७ वाल्या मुद्द्यानं माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं राव. माणूस गेला नाही तरी जागा घरातच.

काळा कोट परभणी
अंबाजोगाई काका, नमस्कार. केजची जागा पुढं २०१९ ला मुंदडांच्याच घरात गेली, सून नमिता मुंदडा, पण कमळावर. उशिरा का होईना घरीच आली.

उदगीरी बाबा
गायी संध्याकाळी गोठ्यात येत्यातच.

हिंगोली_फास्ट
एक डाऊट हाय, वकील साहेब हायेत म्हणून विचारतो. जागा मोकळी झाली की किती दिवसात निवडणूक घ्यायची असा नियम हाय का? कधी तीन महिन्यात होती, कधी होतच नाही.

काळा कोट परभणी
आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१-क. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्याच्या आत पोटनिवडणूक. दोन अपवाद आहेत. एक, नव्या सदस्याला एक वर्षापेक्षा कमी मुदत मिळणार असेल तर घ्यायची गरज नाही. दोन, निवडणूक आयोगानं केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं की या मुदतीत घेणं अवघड आहे, तर पुढं ढकलता येते. देगलूर एप्रिलला रिकामं झालं आणि मतदान ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे सहा महिन्याच्या वरच गेलं, कारण कोरोनात आयोगानं पोटनिवडणुका थांबवल्या होत्या.
या "एक वर्ष" वरून दोन भांडणं कोर्टात गेली, दोन्ही आपल्याच राज्यातली. गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले, पुणे लोकसभा रिकामी, वर्षापेक्षा जास्त मुदत शिल्लक होती तरी आयोगानं निवडणूक घेतली नाही. मुंबई हायकोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं, ताबडतोब घ्या. जानेवारीत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. तोवर सार्वत्रिकच आली. आणि अकोला पश्चिमला उलटं. गोवर्धन शर्मा नोव्हेंबर २०२३ ला गेले, आयोगानं एप्रिल २०२४ मध्ये मतदान ठेवून पोटनिवडणूक जाहीर केली, आणि नागपूर खंडपीठानं ती रद्द केली, कारण निवडून येणाऱ्याला वर्ष सुद्धा मिळणार नव्हतं. एकीकडं घ्या म्हणून कोर्टात, दुसरीकडं घेऊ नका म्हणून कोर्टात.

हिंगोली_फास्ट
म्हंजे पुणेकर वर्षभराहून जास्त बिनखासदाराचे होते? अन् त्यांना काही फरक पडला का?

मुखेडकर पाटील
पुणेकरांना खासदार असताना तरी कुठं पडतो.

नायगावची सून
आमदाराची खुर्ची सहा महिने रिकामी राहिली तर कायदा, कोर्ट, सगळं. आणि जिल्हा परिषद? मार्च २०२२ ला मुदत संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक. गावाचा हातपंप, शाळेची खोली, अंगणवाडीचा पत्रा हे सगळं जिथं ठरतं तिथं एक पण निवडून आलेला माणूस नव्हता. त्याला पोटनिवडणूक म्हणायचं का उपासमार 🙄

बिलोलीचे गुरुजी
शाळेच्या खोलीचं नाव काढलंत म्हणून सांगतो, ज्या खोलीत मी मतदान केंद्र लावलं होतं तिचा पत्रा गळत होता. मशीनवर पाणी पडू नये म्हणून टेबल दोनदा सरकवलं. क्षेत्रीय अधिकाऱ्यांना सांगितलं, ते म्हणाले आचारसंहिता आहे गुरुजी, निवडणुकीनंतर बघू.

सोयाबीनवाला
मंग बगितलं का?

बिलोलीचे गुरुजी
माझी बदली झाली.

देगलूर नाका
आचारसंहितेवरून आठवलं. पोटनिवडणूक एका मतदारसंघात अन् आचारसंहिता पूर्ण जिल्ह्यात. किनवट-माहूर कुठं अन् देगलूर कुठं, पण तिकडं पण नवीन कामाचा नारळ फुटत नाही. मोठ्या शहरातली जागा असली तर फक्त तेवढ्या मतदारसंघात लागती म्हणे, आपल्यासारख्याला पूर्ण जिल्हा.

काळा कोट परभणी
बरोबर. महानगरपालिका हद्दीतला मतदारसंघ असेल तर तेवढ्यापुरती. चालू काम थांबत नाही, नवीन घोषणा आणि नवीन मंजुरी थांबते. पण आपल्याकडं ऑफिसातला बाबू चालू कामाला पण आचारसंहिता दाखवतो, तो भाग वेगळा.

मुखेडकर पाटील
पण खरं सांगा, पोटनिवडणुकीचा फायदा पण होतो. एरवी पाच वर्षात न दिसलेले मंत्री बांधावर येतात. सार्वत्रिकला २८८ जागा असतात, कोण तुम्हाला विचारतंय. पोटनिवडणुकीला पूर्ण मंत्रिमंडळ एका तालुक्यात. आमच्या भागात लेंडी धरणाचा विषय किती वर्षांचा हाय ते लेंडीकाठ यांना विचारा, आमचे बाप म्हातारे झाले. पण पोटनिवडणूक लागली की त्या धरणावर प्रत्येक भाषणात पाणी असतंय.

लेंडीकाठ
भाषणात पाणी 😭 आयडी उगीच नाही घेतला मी हा.

देगलूर नाका
आता माझं मत, मूळ प्रश्नावर. २०२४ ची नांदेड लोकसभा बगा, त्याच्यात तुमचं उत्तर हाय. २० नोव्हेंबरला एकाच दिवशी विधानसभा अन् लोकसभेची पोटनिवडणूक. एकाच खोलीत दोन मशीन, लोकसभेची पांढरी पत्रिका, विधानसभेची गुलाबी. नांदेड लोकसभेत सहा विधानसभा, भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड. सहाच्या सहा महायुतीनं घेतल्या. अन् लोकसभेला रवींद्र चव्हाण, काँग्रेस, १,४५७ मतांनी. वडील पाचच महिने आधी ५९ हजारांनी आले होते. म्हंजे एवढ्या मोठ्या लाटेत पण लोकांनी विधानसभेला एक बटण दाबलं अन् लोकसभेला दुसरं. हे सहानुभूतीशिवाय होतंय का?

काळा कोट परभणी
उलट पण वाचता येतं ना. ५९ हजारांचे पाच महिन्यात १,४५७ झाले, वडील जाऊन तीन महिने सुद्धा झाले नव्हते. मग सहानुभूती गेली कुठं?

देगलूर नाका
ती होती म्हणूनच १,४५७ तरी राहिले वकील साहेब. नसती तर सातवं पण गेलं असतं.

नायगावची सून
माझ्या सासूबाईंचं सांगते. विधानसभेला लाडक्या बहिणीचे पैसे आले म्हणून एकीकडे दिलं. लोकसभेला म्हणाल्या, वसंतराव आपल्या नायगावचे, त्यांचं लेकरू आहे, पाडायचं कशाला. दोन मशीन होते म्हणून दोन्ही मनं राखता आली. एकच मशीन असतं तर कुठलं बटण दाबलं असतं हे त्यांना पण सांगता येणार नाही.

लेंडीकाठ
ह्याला म्हणत्यात उत्तर. पण मग ज्या पोटनिवडणुकीत एकच मशीन असतं तिथं ते "लेकरू हाय, पाडायचं कशाला" च चालतं का? देगलूरात, मुखेडात?

मुखेडकर पाटील
मुखेडात २०१५ ला तेच चाललं. माणूस निवडून आला अन् शपथ घ्यायच्या आधीच गेला. लोक म्हणायचे आपण पाच वर्षासाठी दिलंय, पाच महिने पण वापरलं नाही, आता ते घरात राहू द्या. पण नंतर २०१९ अन् २०२४ ला तेच निवडून आले ते काही बापाच्या फोटोवर नाही. पहिली वेळ उधारीची, पुढची स्वतःच्या खात्यावर. ज्याला जमलं नाही तो गेला.

अंबाजोगाई ७०
मला यात एकच खटकतं. तिकिटाला दहा वर्षं गावोगाव फिरणारा कार्यकर्ता असतो, त्यालाही वाटतं कधीतरी आपली पाळी. जागा रिकामी झाली की त्याची पाळी यायला पाहिजे, पण नेमकी तेव्हाच ती कायमची जाते. कारण घरातला वारस तिशी-चाळिशीतला असतो, पुढची वीस वर्षं तोच.

हिंगोली_फास्ट
काका १००% सहमत. आमच्याकडं राजीव सातव २०२१ ला गेले, तरणाताठा माणूस. त्यांची राज्यसभेची जागा कुणाला गेली माहिती का? रजनी पाटील, तुमच्या केजच्या. बिनविरोध. अन् विलासराव गेले तेव्हा त्यांची राज्यसभेची रिकामी जागा, २०१३ ला, परत रजनी पाटीलच. बिनविरोध. दोन्ही पोटनिवडणुकाच, फक्त आपल्याला बोटाला शाई नाही.

सोयाबीनवाला
तिथं तरी घरात गेली नाही की. तक्रार काय हाय मंग?

हिंगोली_फास्ट
राजीव सातवांच्या पत्नी प्रज्ञाताईंना २०२१ लाच विधानपरिषदेची पोटनिवडणूक दिली. बिनविरोध.

सोयाबीनवाला
मागं घेतो.

उदगीरी बाबा
लेंडीकाठ, उद्या तुमच्याकडं परत पोटनिवडणूक लागली तर तुमी स्वतः कुणाला मत देणार ते सांगा की. दुसऱ्याला इचारूलालाव.

लेंडीकाठ
बाबा, माझं नाव पुण्याच्या यादीत हाय.

मुखेडकर पाटील
बंद करा हा धागा.